ओंजळीचे पात्र

अक्षय्य तृतीया जवळ आली की लातूर-नांदेडच्या बाजारांत कुंभारांनी मांडलेले माठ आणि मातीच्या केळी दिसू लागतात. याच तिथीला भगवान ऋषभदेवांनी हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराच्या हातून इक्षुरस स्वीकारून दीर्घ तपाचे पारणे केले. त्या वेळी त्यांच्यापाशी भांडे नव्हते. दोन तळहातांची ओंजळ हेच पात्र होते.

जपानी चहाचा वाडगा, म्हणजेच ‘चावान’, पाहताना या ओंजळीचे स्मरण होते. त्याला कपासारखा कान नसतो. तो दोन्ही हातांत धरावा लागतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (1522-1591) या चहागुरूंच्या अभिरुचीनुसार चोजिरो नावाच्या कारागिराने असे वाडगे चाकाविना, केवळ हातांनी घडविले. ते ‘राकू’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे 1925 च्या सुमारास यानागी सोएत्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिंगेई’ हा शब्द रूढ केला. सामान्य घरात रोज वापरली जाणारी वस्तूच खरी सुंदर, हा त्यामागील विचार होता. जपानी घरांत आजही प्रत्येकाचा वाडगा वेगळा असतो. झेन मठांत तर जेवणानंतर पात्र विसळून ते पाणी पिण्याची रीत आहे. थाळी धुऊन पिणाऱ्या जैन कुटुंबाला ती परकी वाटणार नाही.

कुंभाराच्या श्रमाचा विचार आपल्या आगमांतही आहे. उपासकदशांग सूत्रात पोलासपूरच्या सद्दालपुत्र कुंभाराची कथा येते. तो आजीवक मताचा होता. सारे नियतीनेच घडते, असे तो मानी. भगवान महावीरांनी त्याला त्याच्याच भांड्यांविषयी विचारले : ही प्रयत्नाने घडली की प्रयत्नाविना? ही कोणी फोडली, तर तू त्याला शिक्षा करशील काय? आपण शिक्षा करू, असे म्हणताच सद्दालपुत्राला आपल्या मतातील विसंगती उमगली. पुढे तो श्रमणोपासक झाला. साध्या मडक्यातही पुरुषार्थ असतो, हे त्याला आपल्या चाकापाशीच कळले.

मात्र भांडे भाजायला अग्नी लागतो आणि अग्नी म्हणजे आरंभ. म्हणून हाताने घडलेल्या वाडग्यांचे संच जमवून काचेच्या कपाटात ठेवणे श्रावकाला शोभत नाही. माणशी एकच वाडगा असावा आणि तो वर्षानुवर्षे वापरावा. साध्या भाजलेल्या मातीत ओल मुरते. सुमारे 1,200 अंश सेल्सिअसला पक्का भाजलेला, झिलईचा वाडगा मात्र ओल शोषत नाही, स्वच्छ धुता येतो. उष्टे भांडे 48 मिनिटांच्या आत धुवावे, हा नियम त्यात सहज पाळता येतो. घेताना झिलई शिसेविरहित असल्याची खात्री करावी.

समारंभ आटोपल्यावर मंडपामागे साचणारा कागदी पेल्यांचा ढीगही आरंभाचेच फळ आहे. सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा चहा दोन्ही हातांत धरलेल्या एकाच वाडग्यातून घेतला, तर अपरिग्रहाचा पाठ ओंजळीतच मिळेल.