आजीसाठी टाको

कटंगीच्या आमच्या घरी रविवार म्हणजे मटण. पण आजीचे दात गेले, कवळी तिला मानवली नाही आणि गेली तीन वर्षं ती नुसता रस्सा-भात खात होती. "मले कुठं चावते आता," एवढंच म्हणायची.

म्हणून यंदा जानेवारीत पुण्याहून जाताना मी स्लो कुकर सोबत नेला. आजीला टाको खाऊ घालायचे ठरवलं होतं. टाको हा मेक्सिकोचा पदार्थ. मक्याच्या छोट्या पोळीत मटण, कांदा, कोथिंबीर घालायची, लिंबू पिळायचं आणि दुमडून खायचं. मटण मात्र असं शिजायला हवं की काट्याने त्याचे धागे सुटावेत.

त्यासाठी खांद्याचं किंवा मांडीचं मटण घ्या. या भागांत कोलॅजन जास्त असतं, म्हणून ते चिवट लागतं. पण मंद आचेवर, ओलाव्यात, बराच वेळ शिजलं की कोलॅजनचं जिलेटिन होतं आणि मटण मऊ पडतं.

एक किलो मटणाचे मोठे तुकडे, तीन कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या, आलं, दोन टोमॅटो, धने-जिऱ्याची पूड, दालचिनी, तिखट, मीठ आणि अर्धी वाटी पाणी. सगळं भांड्यात घालून 'लो'वर आठ तास. मटण बर्फासारखं गोठलेलं नको, आणि सारखं झाकण उघडायचं नाही. वाफ गेली की वेळ वाढतो.

सकाळी आठला मी बटण दाबलं. आजी म्हणाली, "काहून वो, एवढा वेळ?" आणि दुपारी एकला वीज गेली!

अर्धवट शिजलेलं मटण कोमट ठेवणं धोक्याचं, त्यात जंतू वाढतात. माझा चेहरा पडला. आजी मात्र उठली. "हंडीत ओत, चुलीवर ठेव." कुकरचं चिनी मातीचं भांडं विस्तवावर तडकतं, म्हणून मटण हंडीत काढलं. एक उकळी आल्यावर आजीने लाकडं मागे ओढली आणि नुसत्या निखाऱ्यांवर दोन तास ठेवलं. मधून मधून झाकण न उघडता हंडीला कान लावून ऐकत होती. मंद आच कशाला म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

तोवर आईने भाकरी केल्या. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्यामुळे पोळी दुमडते. आपल्याकडचं मक्याचं पीठ तसं नसतं, म्हणून चार वाट्या पिठात एक वाटी कणीक घालून गरम पाण्याने मळलं.

मटण काढून दोन काट्यांनी सोडवलं. आजीसाठी हाडाची बारीकशी किरचही राहू नये म्हणून बोटांनी दोनदा चाचपलं. उरलेला रस आटवून त्यातच मटण कालवलं.

आजीने पहिला घास घेतला, थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मीठ कमी हाय." आणि दुसरी भाकर पुढे केली.

आता कुकर कटंगीलाच आहे. तुमच्या घरी कोणी मटण सोडलं असेल, तर एकदा करून पाहा.