दैनंदिन व्यवहारातील टक्केवारी

टक्केवारी किंवा शेकडेवारी म्हणजे एखादी संख्या १००च्या प्रमाणात मांडण्याची पद्धत होय. ती '%' या चिन्हाने दर्शवतात. शालेय गणितात तिला शतमान असेही म्हणतात. बाजारातील सूट, वस्तू व सेवा कर, ठेवींवरील व्याज, निवृत्तिवेतनातील वाढ आणि प्रवासभाड्यातील सवलत हे सर्व टक्क्यांत सांगितले जाते. निश्चित उत्पन्नावर घर चालवणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या दृष्टीने हा हिशेब स्वतः पडताळता येणे विशेष महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू झाली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्यापूर्वी एका रुपयाचे १६ आणे होत व हिस्सा आण्यांत सांगितला जाई. चार आणे हिस्सा म्हणजे २५ टक्के, आठ आणे म्हणजे ५० टक्के आणि बारा आणे म्हणजे ७५ टक्के. एक आणा ६.२५ टक्क्यांइतका होतो. पिकाचा अंदाज सांगणारी 'आणेवारी' पुढे 'पैसेवारी' झाली, ती याच बदलामुळे.

मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. टक्क्यांच्या भाषेत पावकी म्हणजे २५, निमकी ५०, पाऊणकी ७५, सवायकी १२५ आणि दिडकी १५० टक्के होय. हे पाढे ज्यांना येतात, त्यांना टक्केवारीचे नेहमीचे बरेच हिशेब मुळातच परिचित असतात.

तोंडी हिशेबाच्या पद्धती

कोणत्याही रकमेचे १० टक्के काढण्यासाठी तिला १०ने, तर १ टक्का काढण्यासाठी १००ने भागतात. १० टक्क्यांच्या निम्मे म्हणजे ५ टक्के. या तीन संख्यांची बेरीज-वजाबाकी करून इतर टक्के काढता येतात. उदाहरणार्थ, ६५० रुपयांचे १८ टक्के काढताना प्रथम २० टक्के (१३० रुपये) घ्यावेत व त्यांतून २ टक्के (१३ रुपये) वजा करावेत. उत्तर ११७ रुपये येते.

टक्केवारीत दोन संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. २५चे १६ टक्के आणि १६चे २५ टक्के सारखेच असतात. दुसरा प्रकार म्हणजे १६चा पाव हिस्सा, म्हणून उत्तर ४ हे चटकन सांगता येते.

सूट आणि सवलत

सूट नेहमी कशावर दिली आहे, हे पाहणे आवश्यक असते. '५० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के सूट' म्हणजे ७० टक्के सूट नव्हे. १,००० रुपयांची वस्तू पहिल्या सुटीनंतर ५०० रुपयांची होते. दुसरी सूट या ५०० रुपयांवर, म्हणजे १०० रुपये मिळते. ग्राहकाला ४०० रुपये द्यावे लागतात आणि एकूण सूट ६० टक्के ठरते.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांत ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ७५ वर्षांवरील नागरिकांसाठी ऑगस्ट २०२२पासून मोफत, म्हणजे १०० टक्के सवलतीचा प्रवास सुरू झाला.

किमतीतील कर

करासहित किमतीतून कर वेगळा काढताना अनेकदा चूक होते. १८ टक्के करासह एखाद्या सेवेचे १,१८० रुपये आकारले असतील, तर कर १,१८०चे १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे नसतो. एकूण रकमेला १.१८ने भागल्यास मूळ किंमत १,००० रुपये मिळते व कर १८० रुपये येतो.

व्याज

बँका व टपाल कार्यालये ठेवींचा व्याजदर वार्षिक सांगतात. एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के होता. या दराने १० लाख रुपयांवर वर्षाला ८२,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीस २०,५०० रुपये व्याज होते.

खाजगी उसनवारीत मात्र 'दोन टक्के व्याज' याचा अर्थ बहुधा 'दरमहा दर शेकडा दोन रुपये' असा असतो. ५०,००० रुपयांच्या कर्जावर हे व्याज महिन्याला १,००० आणि वर्षाला १२,००० रुपये होते. म्हणजेच वार्षिक दर २४ टक्के असतो, आणि न भरलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळवले गेल्यास तो सुमारे २६.८ टक्क्यांवर जातो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील दरही पुष्कळदा दरमहा सांगितला जातो. त्यामुळे दर ऐकताना तो महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारणे हिताचे असते.

टक्के आणि टक्केबिंदू

दोन टक्केवारींतील फरक टक्केबिंदूंत मोजतात. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांची महागाई सवलत १ जानेवारी २०२५पासून ५३वरून ५५ टक्के झाली. ही वाढ दोन टक्केबिंदूंची आहे. मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये असल्यास सवलत १०,६०० रुपयांवरून ११,००० रुपये होते. हाती येणारी एकूण रक्कम ३०,६०० रुपयांवरून ३१,००० रुपये, म्हणजे सुमारे १.३ टक्क्यांनीच वाढते.

घट आणि वाढ

घटीइतक्याच टक्क्यांची वाढ झाली तरी मूळ रक्कम परत येत नाही. १,००,००० रुपयांची गुंतवणूक २० टक्क्यांनी घटून ८०,००० रुपये झाली, तर पूर्ववत होण्यासाठी २५ टक्के वाढ लागते, कारण आता वाढ ८०,०००वर मोजली जाते.

महागाईचा दीर्घकालीन परिणाम ७२च्या नियमाने अजमावता येतो. ७२ला वार्षिक दराने भागल्यास रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. महागाई दरवर्षी ६ टक्के राहिल्यास, आज २०,००० रुपयांत भागणाऱ्या घरखर्चाला १२ वर्षांनी सुमारे ४०,००० रुपये लागतील. ठेवीचे व्याज तेवढेच राहिले, तर ही वाढ मुद्दलातून भागवावी लागते.