बाटली निजवावी, माथ्यावर चढवू नये!

नाशिकच्या एका स्नेह्याने दिलेली वाइनची बाटली ‘तो येईल तेव्हाच फोडू’ म्हणून आम्ही मोठ्या मानाने कपाटाच्या माथ्यावर उभी ठेवली. चार वर्षांनी तो नगरला आला. पेला तोंडाशी नेतो तो शिरक्याचा भपकारा!

दोष वाइनचा नव्हे, आमचा. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखल्यापासून ही बाटली घरोघर दिसू लागली. पण ती ठेवायची कशी, हे कोण शिकवणार? तिला मानवतो १२ ते १५ अंशांचा गारवा. आमच्या वैशाखात पारा चाळिशी गाठतो. द्रव फुगून बूच सरकते. त्यातून बाटली उभी, की बूच सुकते, हवा शिरते, वाइन आंबते.

म्हणून बुचाची बाटली आडवी निजवावी. फिरकीच्या झाकणाची उभी चालते. जागा अंधारी, थंड, हादरे न बसणारी हवी. जुन्या वाड्यातले जाड भिंतीचे बळद उत्तम, स्वयंपाकघर नको. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी व तीन-चार दिवसांत संपवावी.

आणि वाचकहो, प्रत्येक वाइन लोणच्यासारखी मुरत नाही. साधी वाइन एक-दोन वर्षांतच चांगली. तेव्हा स्नेह्याची वाट पाहत बसू नये. त्याला लवकर बोलवावे!