दुकानाचं कार्ड आणि माझा हिशोब

गावाकडचा वाणी वहीत उधारी मांडतो, व्याज लावत नाही. सोलापुरात एका मोठ्या कापड दुकानाचं क्रेडिट कार्ड घेतलं, तेव्हा हीच सवय नडली. कार्डावर नाव दुकानाचं, पैसे मात्र बँकेचे!

खरेदी १०,०००ची, बिलात ‘किमान रक्कम’ ५००. तेवढीच भरून मी निवांत! ढोबळ हिशोब बघा: महिन्याला ३.५ टक्के व्याज म्हणजे ३५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३. एकूण ४१३. मुद्दल फिटलं फक्त ८७!

म्हणून बिल पूर्ण आणि वेळेत भरा. कार्ड नकोच असेल तर बाकी चुकती करून बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते कामकाजाच्या ७ दिवसांत बंद व्हायला हवं. नाहीतर बँक तुम्हाला रोज ५०० रुपये देणं लागते.

माझं कार्ड बंद झालं. कॅन्टीनची उधारी मात्र चालू आहे!