सराफ्यातील खोदयंत्र

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री दुकाने बंद झाली म्हणजे त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा किस, गराडू आणि जिलबी यांचा बाजार भरतो. अशा गल्लीत नळासाठी चर खणावयाचा झाल्यास यंत्राला उरतात ते पहाटेपूर्वीचे दोनतीन तास. जागा थोडी, उजेड अपुरा आणि डोळ्यांवर झोप! खोदयंत्र चालविण्यास नुकतेच शिकू लागलेल्या तरुणांसाठी हीच अवघड जागा उदाहरणादाखल घेऊ.

आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो, ती वास्तविक जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराची आद्याक्षरे आहेत. त्याचा उद्योग १९४५ सालचा. भारतात तो १९७९ मध्ये आला. यंत्राचे वजन सुमारे आठ टन. चालक बैठक मागे फिरवून खणू लागतो, तेव्हा पुढची बकेट आणि मागचे दोन्ही जॅक जमिनीवर घट्ट टेकलेले हवेत. एरवी खणण्याचा जोर यंत्रालाच हलवितो.

खणणारा हात डावीउजवीकडे फिरतो. मैदानात माणूस दूर सरू शकतो. सराफ्यात त्याच्या पाठीशी भिंत असते. हात आणि भिंत यांच्यामध्ये सापडलेला माणूस पुष्कळदा चालकाला दिसलेलाही नसतो. म्हणून खुणा करणारा एकच असावा, तो सतत नजरेसमोर असावा आणि दिसेनासा होताच यंत्र थांबवावे. थांबण्याची खूण मात्र कोणीही केली तरी मानावी.

दीड मीटरहून खोल चराच्या भिंतींना आधार द्यावा, असे भारतीय मानक सांगते. एक घनमीटर माती दीड टनाहून अधिक भरते. छातीपर्यंत पुरलेल्या माणसाचा श्वास ती कोंडून टाकते. उकरलेली माती काठावर रचू नये, ट्रकमधून लगेच हलवावी. (झारेकरी सराफांच्या दुकानांपुढचा केर धुऊन सोन्याचे कण वेचतात, मातीला असा मान अन्यत्र क्वचितच मिळत असेल.) विजेची तार वा गॅसची नळी जवळ असल्याची खूण दिसली, की यंत्र बाजूला ठेवून हाताने खणावे. हेल्पर चरात उतरला असता त्याच्या डोक्यावरून बकेट नेणे तर सर्वथा वर्ज्य.

देखभाल नवशिक्यांना कंटाळवाणी वाटते. पण सोनार दागिन्याचा सांधा ज्या बारकाईने पाहतो, त्याच बारकाईने रोज यंत्राच्या पिना, वेल्डिंग आणि रबरी नळ्या पाहाव्यात. पिनांना ग्रीस द्यावे. इंजिनाचे व हायड्रॉलिकचे तेल तपासावे. रेडिएटरचे झाकण गरम असता उघडू नये. दुरुस्तीपूर्वी बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, लीव्हर हलवून नळ्यांतील दाब उतरवावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी.

नळीतून तेल झिरपते की काय, हे बोटाने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. त्या तेलाचा दाब इतका प्रचंड असतो, की सूक्ष्म छिद्रातून निघालेली धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, प्रथम फारशी दुखतही नाही, आणि नेमका तेथेच घात होतो. उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. अशा माणसाला पट्टी बांधून कामावर परत पाठवू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि तेल दाबाने आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.