चौसष्ट स्विच, सोळा तारा

लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांमधून गोटी सोडायची, हा बॅगाटेलचा खेळ आपल्या परिचयाचा आहे. पिनबॉल हे त्याचेच विजेवर चालणारे रूप. काचेखाली सुमारे साडेसहा अंशांनी कललेली प्लायवुडची फळी असते आणि तिच्यावर २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा धावतो. बटण दाबताच उसळणाऱ्या दांड्यांनी त्याला परत वर टोलवायचे असते. असे दांडे प्रथम १९४७ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात आले.

हे यंत्र महाग पडते, कारण त्याचे हजारो सुटे भाग बहुतांशी हातानेच जोडावे लागतात. पुढे व्हिडिओ गेमची स्पर्धा आली. १९९९ मध्ये विल्यम्स या मोठ्या कंपनीने आपला पिनबॉल विभागच बंद केला. म्हणून खेळातली गंमत न घटवता खर्च कसा घटवायचा, हा या धंद्यात जगण्यामरण्याचा प्रश्न ठरला. त्याचे एक उत्तर वर्गात शिकवण्याजोगे आहे.

गोळा कोठून गेला हे यंत्राला कळावे म्हणून फळीवर जागोजागी स्विच असतात. समजा, असे ६४ स्विच आहेत. प्रत्येकाची स्वतंत्र तार नियंत्रकापर्यंत न्यायची, तर ६४ तारा आणि एक सामाईक तार लागेल. तांब्याला पैसे पडतातच, पण प्रत्येक तार कापणे, सोलणे, ओळीत बांधणे आणि नियंत्रकाला जोडणे यात कामगाराचा वेळही जातो. शिवाय नियंत्रकावर तितकीच प्रवेशद्वारे हवीत.

आता धुळे शहर डोळ्यांसमोर आणा. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज याने नव्या वसाहतीची आखणी सरळ रस्त्यांची केली. आजही तेथे पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. गल्ली आणि तिला छेदणारा आडवा रस्ता कळला की चौक सापडतो, प्रत्येक चौकाला वेगळे नाव लागत नाही. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पिनबॉलमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि हीच युक्ती वापरात आली. ८ उभ्या आणि ८ आडव्या तारा घ्यायच्या, आणि प्रत्येक छेदावर एक स्विच बसवायचा. प्रोसेसर एकेका उभ्या तारेला क्रमाने वीज देतो आणि कोणत्या आडव्या तारेतून ती परत येते ते पाहतो. ही फेरी इतकी झटपट होते की धावता गोळाही निसटत नाही. स्विच ६४, तारा फक्त १६!

यात एक खोच आहे. उभ्या तारा १ व २, आडव्या क व ख अशी लहान जाळी घ्या. १ख, २ख आणि २क हे तीन स्विच बंद असले, तर वीज १ वरून ख, ख वरून २, २ वरून क अशी वळसा घेत पोहोचते. १क उघडा असूनही बंद भासतो आणि खेळाडूला न मिळवलेले गुण मिळतात. म्हणून प्रत्येक स्विचला एक डायोड जोडतात. तो वीज उभ्या तारेकडून आडव्या तारेकडेच जाऊ देतो, त्यामुळे ख वरून २ कडे जाणारी उलटी वाट बंद होते. स्वस्त डायोड वाढवून महाग तारा व मजुरी वाचवली, असा हा हिशेब.

दिव्यांनाही हीच जाळी चालते. १९९०च्या दशकातील विल्यम्सच्या यंत्रांत ६.३ व्होल्टच्या दिव्यांना १८ व्होल्ट देत असत, पण एकूण वेळेच्या फक्त एक अष्टमांश. दिव्यातील उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १८ चा वर्ग ३२४, भागिले ८ म्हणजे ४०.५, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ६.४. दिवा जळत नाही आणि लुकलुकतानाही दिसत नाही, कारण त्याची तार मधल्या वेळात निवत नाही.

पुढे दिव्यांची जागा एलईडीने घेतली. २०१५च्या सुमारास स्टर्न कंपनीने आणखी एक पाऊल टाकले. फळीखाली ठिकठिकाणी लहान नियंत्रक बसवले. ते जवळचे स्विच आणि दिवे सांभाळतात आणि मुख्य नियंत्रकाशी मोजक्या तारांनी बोलतात. लांब तारांचे जुडगे आणखी आटले. खर्च कमी करण्याचा दुसरा मार्गही ही कंपनी वापरते: त्याच खेळाच्या स्वस्त आवृत्तीत हलणारी खेळणी कमी ठेवणे. हा फरक मात्र खेळाडूला दिसतो. तारांची बचत त्याला दिसतही नाही.

वर्गात दोन सेल, एक टॉर्चचा बल्ब, चार स्विच आणि चार डायोड घेऊन वरची लहान जाळी करून पाहा. आधी डायोडविना खोटा मार्ग दाखवा, मग डायोड जोडून तो बंद करा. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारा: ६४ स्विच ४ × १६ किंवा २ × ३२ असे मांडले तर तारा किती? उत्तरे २० आणि ३४ येतील. ८ × ८ मध्येच त्या सर्वांत कमी का? ठरावीक क्षेत्रफळाच्या आयतांत चौरसाची परिमिती सर्वांत लहान असते, हा भूमितीचा नियम येथे कारखान्याचा पैसा वाचवताना दिसतो.