कागदाने पाणी किती प्यावं?

इंदापूर-बारामती पट्ट्यातली निर्यातीची द्राक्षं आधी शीतगृहात जातात, मग बंदराकडे. शून्य अंशाच्या आसपास थंड झालेली पेटी उबदार हवेत आली की तिच्यावर दव धरतं. पुठ्ठा ते पाणी प्यायला की त्याचा ताठपणा जातो, थप्पीतली तळाची पेटी खचते आणि घड चेंबतात. वर्षभराची मेहनत शेवटी त्या पुठ्ठ्याच्या भरवशावर असते. म्हणून कागद पाणी कसा अडवतो, हे इथल्या बागायतदारालाही ठाऊक असायला हवं.

कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची जाळी. सेल्युलोजला पाण्याची ओढ, आणि तंतूंमधल्या बारीक फटी ते आत खेचतात. काहीच प्रक्रिया नसेल तर तो टिपकागदच. जुन्नर-दौलताबादचे कारागीर म्हणूनच कागदाला खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत; मग बोरूची शाई फुटत नसे. मात्र खळीवर कसर पडते.

जर्मनीच्या मोरित्झ इलिगने १८०७ मध्ये राळ आणि तुरटी थेट लगद्यातच मिसळण्याची रीत मांडली. यंत्रांना ती सोयीची ठरली. पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहतं आणि तंतू तुटत जातात. शंभर वर्षांपूर्वीची कितीतरी पुस्तकं आज घडीवर मोडतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. स्वस्ताईची ही किंमत फार जड पडली. पुढे ‘एकेडी’ नावाचं रसायन आलं. त्याचे मेणचट रेणू तंतूंना चिकटतात, आम्ल लागत नाही, त्यामुळे लगद्यात खडूची भुकटीही घालता येते.

सगळं पाणी अडवणं हा मात्र हेतू नसतो. भिगवणजवळचा जो कारखाना बल्लारपूर इंडस्ट्रीजने २००१ मध्ये घेतला, तिथे कोटेड, म्हणजे लेप दिलेला, कागद होतो. असा लेप पाण्यात कालवूनच लावतात. मूळ कागदाने पाणी भराभर ओढलं तर लेप आत मुरतो, अजिबात ओढलं नाही तर नीट धरत नाही. पेटीच्या पुठ्ठ्याचंही तसंच, कारण त्याचे थर स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात.

कागद किती पाणी ओढतो हे मोजायची रीत म्हणजे कॉब चाचणी. वजन केलेल्या कागदावर १०० चौरस सेंटिमीटरचं कडं घट्ट बसवून त्यात १०० मिलिलिटर पाणी ओततात. ४५ सेकंदांनी पाणी काढून टाकतात, साठाव्या सेकंदाला टिपकागद ठेवून १० किलोचा रूळ फिरवतात आणि पुन्हा वजन करतात. पाव ग्रॅम वाढ झाली तर कॉब व्हॅल्यू २५, म्हणजे चौरस मीटरला २५ ग्रॅम पाणी. आकडा जितका लहान, तितका कागद पाण्याला पक्का.

पेटी घेताना जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) आणि भाव विचारला जातो, कॉबचा आकडा क्वचितच. तो विचारलाच पाहिजे. शिवाय पेटीचा प्रवास मिनिटाचा नसतो, म्हणून पुठ्ठ्यासाठी ३० मिनिटांची कॉबही घेतात. पुरवठादाराकडून दोन्ही आकडे लेखी मागावेत.